सोसायटीच्या भिंतीलगतचा डुरांटा काढून देशी कुंपण: काय लावायचं, कधी कापायचं?

ओवळा_सी_विंग · ८ मे

ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळ्याच्या बाजूची सोसायटी. पश्चिमेच्या कंपाउंड वॉलला लागून ५५ मीटर लांब आणि ४ फूट रुंद पट्टा आहे. सध्या त्यात सोनेरी डुरांटा आणि अधूनमधून अ‍ॅकॅलिफा. माळी दर महिन्याला ट्रिमर फिरवून अडीच फुटांवर सपाट करतो. वरून हिरवी गादी दिसते, खाली नुसत्या काटक्या आणि त्यात अडकलेली वेफर्सची पाकिटं. फूल नाही, पक्षी नाही. या पावसाळ्यात ते काढून पक्षी-फुलपाखरांना उपयोगी पडेल असं कुंपण लावायला कमिटीने मंजुरी दिली आहे.

जागेची माहिती: भिंत ५ फूट, पलीकडे मोकळा प्लॉट आणि मागे येऊरचा डोंगर. सकाळी टॉवरची सावली, बारानंतर कडक ऊन. वर फूटभर लाल माती, त्याखाली बांधकामाचा भराव (मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे). पाणी एसटीपीचं (सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून आलेलं). एका टोकाला १२ मीटर मुलांची खेळायची जागा, दुसऱ्या टोकाला पंप रूम.

विचारायचं ते असं. कोणती झाडं, किती, किती अंतरावर? भराव काढावाच लागेल का? दोन सभासदांची ठाम हरकत आहे की दाट कुंपण म्हणजे साप आणि डास, त्यांना काय सांगायचं? आणि नेटवर इंग्लंडच्या हेजरोबद्दल (शेताकडेच्या झुडपी कुंपणांबद्दल) खूप वाचायला मिळतं, त्यांची कापणीची पद्धत इथे चालेल का?

---

वईवाला · ८ मे

झाडांची यादी नंतर. आधी तो ट्रिमर बंद करा, कारण खरा घोटाळा तिथे आहे. डुरांटा मोकळा सोडला तर निळी फुलं येतात, त्यावर फुलपाखरंही येतात. पण दर महिन्याला शेंडे उडवले की कळी धरायला वेळच मिळत नाही. वरचा थर दाट होतो, आत ऊन पोचत नाही, खालची पानं गळतात आणि झाडाचे पाय उघडे पडतात. उद्या करवंद-निर्गुडी लावून त्यावरही तोच ट्रिमर फिरवलात तर दोन वर्षांत तीच गादी, फक्त देशी.

आता अंतरं. ४ फूट म्हणजे १२० सेंमी. भिंतीपासून ३५ सेंमी सोडा (रंगारी, गवंडी यांना आत शिरायला आणि तुम्हाला आत बघायला), तिथे पहिली ओळ. तिच्यापुढे ४० सेंमीवर दुसरी. उरलेले ४५ सेंमी रस्त्याकडच्या कर्बपर्यंत. ओळीत दोन रोपांमध्ये ६० सेंमी, आणि दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. ५५ मीटरला एका ओळीत ९२, दोन्ही मिळून १८४ रोपं. मर धरून २०० आणा.

एक आड एक लावू नका. निर्गुडी पहिल्याच वर्षी डोक्यावर जाते आणि शेजारचं करवंद तिच्या सावलीत तीन वर्षं हातभरच राहतं. एका जातीची ३ ते ५ रोपं एकत्र, मग दुसऱ्या जातीचा पुंजका. करवंदाशेजारी अडुळसा ठेवा, निर्गुडी नको.

तुमच्या जागेसाठी माझी वाटणी: करवंद ४०, निर्गुडी ३६, अडुळसा ३६, मेंदी २४, कडीपत्ता १६, धायटी १२, कोरांटी १२, लिंबू ४, पांढरा कुडा ४. बरोबर १८४ होतात. कुडे चारच, ते मधूनमधून उंच जाऊ द्यायचे. कुंपणाची उंची सगळीकडे सारखी नसेल तर पक्ष्यांना बसायला ठिकाण मिळतं. खेळायच्या जागेच्या १२ मीटरमध्ये करवंद, कोरांटी, लिंबू नको, तिन्हींना काटे. तिथे अडुळसा, निर्गुडी, कडीपत्ता. मेंदीसुद्धा तिथे टाळलेली बरी, जून झाली की तिच्या फांद्यांची टोकं बोचतात.

करवंदाची रोपं विकतच घ्या. बी ताजं असेल तरच रुजतं आणि पेरलेलं रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष जातं. निर्गुडी आणि अडुळशावर मात्र पैसे घालवू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीची, २०-२५ सेंमी लांब, तीन-चार डोळ्यांची फाटी घ्या, खालचा काप तिरका, दोन डोळे मातीत. जूनच्या ओल्या मातीत थेट टोचली तरी लागतात. बाकीची रोपं सामाजिक वनीकरण किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेत आधी विचारा, तिथे धायटी-कुडा मिळण्याची शक्यता शोभेच्या नर्सरीपेक्षा जास्त.

---

ब्रास_भर_माती · ८ मे

भराव काढावा लागेल, पण सगळा नाही. ८० सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल असा एकच सलग चर घ्या. ५५ मीटरला साधारण २० घनमीटर, म्हणजे ७ ब्रास. खोदून निघालेलं सगळं फेकू नका, चाळणीवर मारा. माती आणि बारीक मुरूम साधारण ४ ब्रास परत वापरता येईल, त्यात २ ब्रास चांगली लाल माती आणि १ ब्रास कुजलेलं शेणखत किंवा सोसायटीच्या पिटचं कंपोस्ट. कंपोस्ट हातात घेतल्यावर गरम लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर अजून तयार नाही, ते घालू नका. सिमेंटचे गोळे मात्र एकूण एक वेचून काढा. ते मातीचा सामू (पीएच) वाढवतात, मग लिंबू आणि कडीपत्त्याची नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती जुलैत, उन्हाळ्यात नाही. भरावात खोदलेला चर म्हणजे हौद: तळाला दाबलेला मुरूम, बाजूला भिंतीचा पाया, आणि वरून ठाण्याचा पाऊस. मुळं आठवडाभर पाण्यात राहिली की करवंद आणि धायटी आधी जातात. चर भरण्यापूर्वी त्यात १० बादल्या पाणी एका जागी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला पाणी दिसलं तर पहारीने दर २ मीटरवर तळ फोडा आणि चराला एका टोकाकडे उतार द्या. माती भरताना जमिनीच्या पातळीपेक्षा १५ सेंमी वर, पाठीसारखी गोलसर ठेवा. दोन-तीन पावसात ती बसते.

घाई करू नका. मुंबई-ठाण्यात मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. चर मे अखेरपर्यंत भरून ठेवा, पहिले पाऊस मातीत जिरू द्या. काठी टोचून फूटभर ओल लागली की मग लावणी. वळवाची एक सर आली म्हणून लावलेली रोपं पुढच्या उघडिपीत होरपळतात.

लावताना पिशवी पूर्ण काढा (फाडून आतच ठेवणारे माळी असतात), गोल वळलेली मुळं तळाला कापा, आणि पिशवीतली मातीची पातळी होती तीच ठेवा. खोडाभोवती माती-खताचा ढीग केला की साल कुजते. वाळवी भरावात असतेच, विशेषतः शटरिंगच्या लाकडाचे तुकडे पुरलेले असतील तर. प्रत्येक खड्ड्यात मूठभर, १०० ग्रॅमच्या आसपास निंबोळी पेंड.

पाणी: ऑक्टोबरच्या मध्यापासून पहिल्या वर्षी दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रोपाला ५ लिटर. एका पाळीला ९०० लिटरच्या वर जातात, ते पाइप घेऊन उभा राहणारा माणूस नीट देत नाही. दोन ओळींना १६ मिमीच्या इनलाइन नळ्या, ६० सेंमीवर ४ लिटर प्रतितासाचे ड्रिपर, सव्वा तास चालवलं की काम झालं. एसटीपीच्या पाण्याला डिस्क फिल्टर लागेलच, शिवाय महिन्यातून एकदा नळीची टोकं उघडून गाळ सोडा. पानांच्या कडा करपायला लागल्या तर ते क्षारांचं लक्षण. एखाद्या पाळीला साधं पाणी भरपूर सोडून क्षार खाली ढकला. उरलेले पाऊस धुऊन नेतो. तिसऱ्या उन्हाळ्यापासून लिंबू-कडीपत्ता सोडून बाकी झाडांना पाण्याची गरज जवळपास राहत नाही.

---

हिरवं_घोडबंदर · ९ मे

एवढा खटाटोप कशाला? ग्लिरिसिडियाचे दांडे टोचा, सहा महिन्यांत भिंत दिसणार नाही. आणि घाणेरी फुकट उगवते, फुलपाखरं तिच्यावर सर्वांत जास्त असतात.

---

वईवाला · ९ मे

@हिरवं_घोडबंदर दोन्ही नको, कारणं वेगवेगळी.

ग्लिरिसिडिया, म्हणजे उंदीरमारी, शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ठीक. पण तो झुडूप नाही, झाड आहे. चार फुटांच्या पट्ट्यात त्याला दर दोन-तीन महिन्यांनी छाटत बसावं लागतं, खालची सगळी सावली त्याची, आणि खोड एकदा जाड झालं की तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायची वेळ येऊ शकते.

घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती मधासाठी येतात. अंडी घालायला जवळपास कोणालाच तिचा उपयोग नाही. आणि तिची काळी फळं बुलबुल खातात आणि बी येऊरच्या जंगलात टाकतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या इतक्या जवळ ती मुद्दाम लावणं चूक. पट्ट्यात आधीच उगवली असेल तर वरून कापून उपयोग नाही, तिथून दुप्पट फुटते. कुदळीने जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर मूळ तोडायचं, पूर्ण झुडूप उलटं करून मुळं वर ठेवून वाळवायचं. फळं काळी व्हायच्या आत.

पिवळ्या दोऱ्यांसारखी अमरवेल डुरांट्यावर दिसते का तेही आताच बघा. नुसते दोरे ओढले तर तुकडे राहतात आणि नव्या झाडांवर चढतात. ज्या फांदीला गुंडाळली आहे ती फांदीच वीतभर मागून कापा, काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, कंपोस्ट पिटमध्ये टाकू नका.

---

पानखाऊ_अळी · ९ मे

फुलपाखरांसाठी कुंपण म्हणजे फुलांची रांग असं डोक्यातून काढा. फूल हा खानावळीचा भाग झाला, बाळंतपणाची खोली म्हणजे पान. आणि प्रत्येक जातीचं पान ठरलेलं. लिंबू-कडीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरं. लिंबूवर्गीय झाडांवरच ब्लू मॉरमॉन, जी २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झाली. रुईवर प्लेन टायगर. हरणदोडीच्या वेलावर ब्लू टायगर. कृष्णकमळावर टॉनी कॉस्टर. ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ. बोरीवर कॉमन पियरो. कोरांटीवर लेमन पॅन्सी. तुमच्या हाकेच्या अंतरावर ओवळेकर वाडीची फुलपाखरांची बाग आहे, पावसाळ्यानंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी कमिटीला तिथे फिरवून आणा, समजावण्याचे कष्ट वाचतील.

माळ्याला एक गोष्ट नीट दाखवून ठेवा. कडीपत्त्याच्या कोवळ्या पानावर मोहरीएवढं पिवळसर गोल अंडं असतं, सुटं, एका पानावर एकच. त्यातून निघणारी अळी पहिले काही दिवस हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि पाठीवर पांढरा डाग, ओलसर चमकसुद्धा तशीच. नंतर एक कात टाकून एकदम हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून तांबूस दुटोकी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. हिला 'कीड' म्हणून फवारा मारतात. फवारायचं नाही. कडीपत्ता १६ सांगितलाय तो याच हिशोबाने: अळ्यांनी चार झाडं बोडकी केली तरी बाकीची उरतात, आणि बोडकं झालेलं झाड पावसात तीन-चार आठवड्यांत पुन्हा फुटतं. स्वयंपाकासाठी लागणारा कडीपत्ता खेळायच्या जागेकडचा ठरवून द्या, म्हणजे भांडण नको. फवारलेला नसल्यामुळे तो खायलाही चांगला.

कोष मात्र बहुतेकदा त्याच झाडावर नसतो. अळी उतरून शेजारच्या कडक काटकीवर जाते आणि कमरेला रेशमाचा एक धागा बांधून टेकून बसते. पान मिटल्यासारखा हिरवा नाहीतर काटकीच्या रंगाचा कोष. दहा-बारा दिवसांचा मामला असतो. सगळं कुंपण एका दिवशी कापलं की असे सगळे कोष कचऱ्याच्या गाडीत जातात.

रुई आणि हरणदोडी पंप रूमच्या टोकाला, मुलांपासून लांब लावा; रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. गुंज आणि कण्हेर मुळीच नको, दोन्हींचं विष जिवावर बेतणारं. सध्याच्या डुरांट्याची पिवळी फळंही विषारी असतात, हे हरकत घेणाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

जून ते दिवाळी कुंपणाच्या पायथ्याशी टाकळा, केना, तेरडा, अघाडा आपोआप उगवेल. तो 'गवत' म्हणून उपटू नका. टाकळ्यावर ग्रास यलो अंडी घालते. अघाडा कपड्यांना चिकटतो म्हणून लोक ओरडतील, रस्त्याच्या कडेचा एक फूट साफ ठेवा आणि आतला राहू द्या.

आणि डासांची धूरफवारणी. ती कुंपणात शिरली की अळ्या, कोळी, मधमाश्या सगळे आडवे होतात. पट्ट्यापासून ती लांबच ठेवायला सांगा.

---

काठी_आणि_गमबूट · ९ मे

साप-डास या हरकतीवर.

डास कुंपणाच्या सावलीत दिवसा बसतात, पण तिथे जन्मत नाहीत. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कुंड्यांच्या बशा, टाकून दिलेली टायरं, टेरेसवरची ताडपत्री. चर नीट निथळत असेल तर कुंपणाकडून डास वाढायचं कारण नाही.

साप येतील का, तर येऊरच्या पायथ्याला ते आधीच आहेत. साप कुंपणासाठी येत नाही, उंदीर-घुशींसाठी येतो. आणि घुशी येतात त्या उरलेल्या अन्नासाठी. पाच फुटी भिंतीखाली घुशीचं बीळ असेल तर डुरांटा असो की करवंद, धामण आणि नाग दोघांनाही ते बीळ हवंच असतं. म्हणून लावणीआधी भिंतीच्या पायथ्याची बिळं खडी आणि सिमेंटने बंद करा, कुत्र्यांना खाऊ घालायची जागा कुंपणापासून लांब न्या, डेब्रिजचा ढीग कुंपणालगत ठेवू नका. विटांच्या ढिगात मण्यार-घोणस जितक्या आरामात राहतात तितक्या झुडपात राहत नाहीत.

कुंपणात तुम्हाला सर्वांत जास्त शक्यता हरणटोळ दिसायची. पोपटी, छडीसारखा बारीक, टोकदार तोंडाचा. सरडे खातो, माणसाला त्याचा धोका नाही. बिल्डिंगमध्ये फोटो लावून ठेवला तर निम्मा गोंधळ टळेल.

दोन तडजोडी करा. खेळायच्या जागेचे १२ मीटर आणि गेटजवळचा भाग, इथे खालच्या २०-२५ सेंमीच्या फांद्या काढून टाका आणि पालापाचोळा साठवू नका, म्हणजे खालून आरपार दिसेल. बाकीच्या ४० मीटरमध्ये पायथा दाट राहू द्या. मुंगूस, सापसुरळी, चिचुंद्री, भारद्वाज यांना लागतो तो नेमका हा खालचा भाग, सगळीकडेच सफाई केली तर कुंपणाचा अर्थ राहत नाही.

माळ्यासाठी: गमबूट, जाड हातमोजे, कापण्याआधी लांब काठीने पायथा हलवून पाच मिनिटं थांबणं, आणि अडकलेला चेंडू हाताने नाही, काठीने काढणं. साप दिसला तर वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन. मारणं १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली गुन्हा आहे. बिबट्याची भीती कोणीतरी काढेलच: तो कुत्र्यांमागे येतो. कचरा आणि भटकी कुत्री आवरा.

---

वईवाला · १० मे

इंग्लंडच्या पद्धतीचा प्रश्न राहिला होता. तारखा उचलू नका, तत्त्व उचला.

तिकडे १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेताच्या कुंपणाची कापणी बंद असते, कारण तो त्यांचा विणीचा हंगाम. शिवाय त्यांचं हॉथॉर्न गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतं, म्हणून दरवर्षी कापलं तर फळ नाही. दोन-तीन वर्षांतून एकदाच कापा असं सांगतात. आपल्याकडे बुलबुल, दयाळ उन्हाळ्यात घरटी करतात, शिंपी आणि वटवटे ऐन पावसाळ्यात. म्हणजे मार्च ते सप्टेंबर कुठे ना कुठे घरटं असणारच. आणि फूल कोणतं झाड कुठल्या फांदीवर धरतं हे झाडागणिक वेगळं.

करवंद फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला फांद्यांच्या टोकांवर फुलतं, मे मध्ये फळ. डिसेंबर-जानेवारीत शेंडे छाटलेत तर त्या वर्षीची करवंदं गेली. ते कापायचं फळ उतरल्यावर लगेच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, घरटं नाही याची खात्री करून. धायटी जानेवारी ते एप्रिल लाल फुलांनी भरते आणि शिंजीर तिच्यावर दिवसभर असतात. तिलाही हात लावायचा तो मे अखेरीस. अडुळसा हिवाळ्यात फुलतो, फुलं संपली की मार्चमध्ये हलकी छाटणी. निर्गुडी आणि मेंदी नव्या फुटीवर फुलतात, त्यांना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापलं तरी पुढच्या फुटीवर फूल येतंच. त्यांच्या नेहमीच्या हलक्या कापणीला तोच काळ चांगला, घरटी सर्वांत कमी.

५५ मीटरचे साधारण १८-१८ मीटरचे तीन भाग करा, कर्बवर रंगाने खूण. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एकाच भागाची जोरात छाटणी: निर्गुडी-अडुळसा जमिनीपासून ४५ सेंमीवर, जूनच्या तोंडावर, म्हणजे पावसात तळापासून नवी फूट येते. बाकी दोन भाग त्या वर्षी फक्त रस्त्यावर आलेल्या फांद्यांपुरते आवरायचे. कुंपणाचं दोन-तृतीयांश अंग कायम शाबूत राहतं.

आकार खाली रुंद, वर निमुळता. पायथा ९० सेंमी, वर ५० च्या आसपास. उभ्या भिंतीसारखं किंवा वर फुगलेलं कापलं की खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि पुन्हा पाय उघडे. पहिल्या दोन वर्षांत उंचीची घाई करू नका: रोप ३० सेंमीला आलं की शेंडा खुडा, ६० ला आलं की पुन्हा. खालून चार-पाच फाटे फुटले तरच पुढे दाट होतं. हे न केलेलं कुंपण नंतर कशानेही भरत नाही.

कापण्याच्या आदल्या दिवशी घरटी शोधायची ती अशी. शिंप्याचं घरटं वाटीसारखं दिसतच नाही. अडुळशासारखं रुंद पान नळीसारखं वळलेलं किंवा दोन पानं एकमेकांना जोडलेली दिसतात, आणि जोडाच्या कडेला कापसाचे बारीक पांढरे ठिपके, रिव्हेट मारल्यासारखे. चोचीने भोक पाडून कोळ्याचं जाळं, कापूस त्यातून ओढलेला असतो, बाहेरचं टोक फुलून भोकात अडकतं. असं पान कमरेच्या उंचीवर सापडतं. दिसलं तर दोन्ही बाजूचा २ मीटर भाग महिनाभर सोडा. तुमचा डुरांटा काढतानाही हेच, आत्ता मे आहे. बुलबुलाला अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण चार आठवडे लागतात, तेवढा तुकडा जूनमध्ये काढा. अंडी, घरटी मोडणं हेही त्याच १९७२ च्या कायद्यात बसतं.

कापलेल्या फांद्या गाडीत देऊ नका. कोकणात करवंद-बाभळीच्या काट्या रचून मेलेली वई घालतात, तसं पंप रूमच्या टोकाला भिंत आणि कुंपणाच्या मधल्या जागेत गुडघाभर उंच रचून ठेवा. वाळक्या लाकडात भुंगे भोकं पाडून राहतात. पालापाचोळा ५ ते ८ सेंमी जाडीचा कुंपणाखालीच पसरा, खोडापासून वीतभर लांब. सफाई कामगाराला हे कागदावर लिहून द्या, नाहीतर तो रोज सकाळी इमानेइतबारे झाडून नेणार.

---

ऐरोलीची_खाडी · १० मे

धागा नवी मुंबईतले लोकही वाचत असतील म्हणून. ऐरोली, वाशी, नेरुळच्या खाडीकडच्या सेक्टरमध्ये वरची यादी जशीच्या तशी चालणार नाही. तिथे भरावाखाली खारट चिखल आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये जमीन वाळली की केशाकर्षणाने मीठ वर येतं. मातीवर पांढरा थर आणि पानांच्या कडा तपकिरी दिसल्या तर लिंबू, कडीपत्ता, कुडा यांच्यावर पैसे घालवू नका.

तिथला राजा म्हणजे कोयनेल, काही जण वनजाई म्हणतात. खाडीकाठी कांदळवनाच्या मागे आपोआप वाढते, मिठाला दाद देत नाही, फाटं टोचलं की लागतं. लांब नळीची पांढरी फुलं, संध्याकाळनंतर पतंग येतात. बरोबर मेंदी आणि निर्गुडी, आणि माणसांची ये-जा नसलेल्या बाजूला सागरगोटा. त्याचे आकडेदार काटे अंगावरचे कपडे सोडत नाहीत, म्हणून रस्त्याकडे नकोच. लावणी ३० सेंमी उंच वरंब्यावर करा, सपाट जमिनीत नाही. कोयनेलही दर महिन्याला कापली की फुलत नाही, वाशीतल्या निम्म्या बागांत ती तशीच हिरवी वीट होऊन उभी आहे.

---

ओवळा_सी_विंग · ११ मे

सगळ्यांचे आभार. तीन भागांची कापणी आणि १८४ ची वाटणी कमिटीने मान्य केली. आज डुरांट्यात बघितलं, पंप रूमपासून ९ मीटरवर बुलबुलाचं घरटं आहे, तीन अंडी. तेवढा ४ मीटरचा तुकडा ठेवून बाकीचा चर सोमवारी सुरू करतोय. दोन शंका: सेक्रेटरींना कुंपणात खालून वर मारणारे एलईडी स्पाइक लाइट हवे आहेत. आणि लिंबाची चार झाडं नेमकी कुठे?

---

पानखाऊ_अळी · ११ मे

लाइट नको. रात्री झोपलेले पक्षी आणि घरटी उजेडात येतात, पतंग दिव्याभोवती फिरून मरतात. पायवाटेला हवाच असेल तर कुंपणाकडे पाठ करून, खाली वळवलेला, पिवळसर, अकराला बंद होणारा.

लिंबं पंप रूमच्या बाजूच्या १५ मीटरमध्ये, भिंतीकडच्या ओळीत, ब्लू मॉरमॉनला तिथे सावलीही मिळेल. रस्त्याकडे काटा येणार नाही.

---

ब्रास_भर_माती · ११ मे

जो ४ मीटर तुकडा ठेवताय त्याच्या दोन्ही बाजूंना चर थेट ४५ सेंमी खोल नेऊ नका, डुरांट्याची मुळं उघडी पडून तो वाळेल आणि घरट्यावरची सावली जाईल. शेवटचा मीटरभर उतरता ठेवा, रोज संध्याकाळी तिथे दोन बादल्या पाणी. पंप रूमकडून निघणारा ड्रेनेजचा पाइप कुठून जातो ते प्लंबरला विचारून चुन्याने आखून घ्या, मगच पहार मारा.